नीलमचे वाळे

“बाळाचे वाळे घासू नकोस, अपर्णा. नीलमचे पैंजण ओढून काढून मीच ते घडवून घेतलेत. काळे आहेत तोवर ती ओळखायची नाही,” सासूबाई म्हणाल्या. अपर्णाच्या नवऱ्याची, शंतनूची पहिली बायको नीलम जाऊन वर्षं झाली होती. अपर्णा हसली, “आई, तुम्ही पण कमाल करता!”

दुपारी बाळ पाळण्यात निजल्यावर ती स्वयंपाकघरात रांगोळीने वाळे घासत बसली. वाळे लख्ख झाले, फडकं मात्र पांढरंच राहिलं.

बाळ किंचाळलं. धावत जाऊन तिने पाहिलं, तर इवल्या घोट्यांभोवती काळी कडी उमटली होती. तेवढ्यात रिकाम्या स्वयंपाकघरातून घासल्याचा आवाज येऊ लागला, आणि काळं गुडघ्यांकडे चढू लागलं.

ते घासणं थांबवायला ती स्वयंपाकघराकडे धावली, आणि तिच्यामागे बाळाच्या खोलीचं दार लागलं.

दार उघडेना, तशी ती रस्त्यावरून जाणाऱ्याला विनवू लागली, “अहो, तुम्ही तरी खिडकीतून बघा ना, माझ्या बाळाला काळं कुठवर आलंय?”