दहाच्या आत

समुद्रापलीकडच्या एका बँकेत चढलेला व्याजदर.

कपाटामागे लपवलेला मोडका पंखा.

सासूबाईंच्या ओठांत धरलेल्या टाचण्या.

"हसा, पण दात काढू नका," अशी सकाळीच सगळ्यांना दिलेली ताकीद.

एका अनोळखी बाईचे सपाट बूट, शेडच्या दारात थबकलेले.

बूट आत आले आणि शेडची मालकीण, गल्लीत बॅगा शिवणारी म्हणून बॅगवाली, पदर सावरत पुढे झाली. बुटांच्या मालकिणीला गल्लीत सगळे पाहुणीबाई म्हणत होते. दूरदेशीची एक कंपनी छोट्या कारखान्यांत पैसा घालत होती, आणि या गल्लीतला एक कारखाना निवडायला तिने या बाईला धाडलं होतं. एकच. मागे गळ्यापर्यंत टाय आवळलेला दुभाषा.

बॅगवालीला पैसा हवा होता तो जाड कापड शिवणाऱ्या मशीनसाठी. ते आलं तर परदेशी दुकानांची बॅगांची ऑर्डर टिकणार होती. नाही आलं तर ऑर्डर कुठल्या तरी आणखी स्वस्त देशात जाणार आणि ती घरी बसणार. तिकडे व्याज चढलं की इकडच्या गल्लीतली मशिनं थंड पडतात, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. वीजबिल कमी आलं की तिला आपोआप कळायचं.

पाहुणे आले की शेजारच्या घरून खुर्च्या येतात. या गल्लीत मशिनं येत. कोणाचीही शेड बघायला कोणी बडं माणूस येणार असलं की बाकीच्यांनी ती शेड भरून द्यायची, हा रिवाजच होता. या खेपेला भार उचलला होता शेजारच्या खोळवाल्याने. गाद्यांच्या खोळी शिवणारा साधा माणूस. त्याची सगळी मशिनं आणि सगळे कारागीर आज बॅगवालीच्या शेडमध्ये होते.

"माणसं उसनी, मशिनं उसनी," सासूबाई टाचण्या काढून म्हणाल्या. "सूनबाई, घाम तरी घरचाच आहे ना?"

"हळू बोला हो, आई."

"त्या बाईला काय कळतंय आपलं?"

"टायवाल्याला कळतंय!"

पाहुणीबाई फिरू लागली. उसने कारागीर मान मोडून शिवत होते. त्यातला एक तर येता-जाता "मालकीणबाई, मालकीणबाई" करत होता. काल संध्याकाळपर्यंत तोच तिला ओळख दाखवायलाही आळस करायचा. पाहुणीबाईने एका बॅगेचा पट्टा ओढून पाहिला. मान डोलावली. मग बोटाने मशिनं मोजली आणि तिचा चेहरा उतरला. ती दुभाष्याशी बराच वेळ बोलली.

दुभाषा खाकरला. "बाई म्हणतात, काम फार छान आहे. पण कारखाना मोठा आहे. हा पैसा दहाच्या आत मशिनं असणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही त्यात बसत नाही."

"मोठा?" बॅगवाली म्हणाली. जन्मात पहिल्यांदाच तिला कोणी मोठं म्हटलं होतं, आणि तेही नको त्या दिवशी.

"अगं, नियम आधी विचारायचे नाहीत का?" सासूबाई कुजबुजल्या.

"विचारले असते तर आपण लहान दिसलो असतो ना!"

पाहुणीबाई नमस्कार करून बाहेरही पडली. बॅगवाली चप्पल न घालताच मागे धावली. काय बोलायचं ते ठरलं होतं. निम्मी मशिनं शेजाऱ्याची आहेत, माझी मोजून बघा, दहाच्या आत भरतील. खोटं वागल्याबद्दल चार शब्द ऐकून घेऊ. ऐकल्याने अंगाला भोकं पडत नाहीत.

पण पाहुणीबाई शेजारच्या उघड्या दारापाशी थांबली होती.

आत शेड रिकामी. जिथे मशिनं असायची तिथे फरशीवर तेलाचे डाग तेवढे उरले होते. मधोमध खोळवाला मांडी घालून बसला होता आणि भली मोठी खोळ हाताने शिवत होता. बोटाला चिंधी बांधलेली. शेजारी कापलेल्या, न शिवलेल्या खोळींची चळत. पाहुणीबाईला बघून तो उठायला गेला, पण पायांना मुंग्या आलेल्या. तसाच पुन्हा खाली बसला.

पाहुणीबाई त्याच्यासमोर उकिडवी बसली. शिवणीवरून अंगठा फिरवत राहिली.

"बाई विचारतात, तुमच्याकडे मशीन नाही?" दुभाषा म्हणाला.

"म्हणजे... तसं म्हटलं तर..." खोळवाल्याने बॅगवालीकडे पाहिलं. या माणसाला खोटं बोलता यायचं नाही, आणि खरं बोलायला तो तिची परवानगी मागत होता.

वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. शिवाय ते खरंही होतं. तिने त्याच्या बोटावरच्या चिंधीकडे पाहिलं. चिंधी लाल झाली होती.

"नाही," बॅगवाली म्हणाली. "एकही नाही भाऊजींकडे. हातानं असं शिवतात, तर मशीन मिळाल्यावर काय करतील, विचारा तुमच्या बाईंना."

दुभाष्याने विचारलं. पाहुणीबाई हसली आणि तिने पिशवीतून कागद काढले. खोळवाल्याचा सुई धरलेला हात हवेतच राहिला.

एव्हाना सासूबाई धापा टाकत दाराशी पोचल्या होत्या. "वा, सूनबाई! लक्ष्मी आपल्या दारावरून पुढे गेली, आणि पत्ता तूच सांगितलास."

बॅगवाली फरशीवरच्या तेलाच्या डागांकडे बघत होती.

आदल्या संध्याकाळी शेवटचं मशीन उचललं जात होतं, तेव्हा खोळवाला म्हणाला होता, "वहिनी, एक तरी राहू द्या, उद्या खोळी पोचवायच्यात." आणि ती म्हणाली होती, "शिवा की हातानं. तुमच्याकडे कोण येतंय बघायला?"