तीन दिवसांची शांतता

"तीन दिवस," वेरोना म्हणाली. "फक्त तीन दिवस हातोडी खाली ठेव."

ऑल्विन बोटीच्या पोटाखाली उकिडवा बसून, पाणी शिरू नये म्हणून फळ्यांच्या फटींत कापूस ठोकत होता. प्रत्येक ठोका वाळू ओलांडून बहिणीच्या तीन खोल्यांच्या अतिथिगृहापर्यंत पोहोचत होता.

"पाहुण्याचे कान साखरेचे आहेत काय?"

"बार्बाडोसचा म्हातारा आहे. फोनवर दोनदा म्हणाला, शांत हवं, परवडणारं हवं, समुद्र दाराशी हवा. टोबॅगो बघून झालंय. आता आपलं कॅरियाकू, मग बेक्वे. प्रत्येक बेटावर तीन दिवस राहून एक ठरवणार. आणि ठरलं की वर्षभर येत-जात राहणार, ऑल्विन! सोबत माणसंही आणणार."

ऑल्विनने कापसाची पुढची वळी फटीत दाबली. त्याच्याकडे महिनाअखेरचं टोरांटोचं तिकीट होतं. दोन वर्षांत कोणी बोट बांधायला सांगितली नव्हती. ही बोट तो केवळ हात विसरू नयेत म्हणून बांधत होता. मावसभावाने त्याच्यासाठी तिकडे इमारतींच्या कामावर जागा बघून ठेवली होती. वर्षभराचा पाहुणा मिळाला, तर त्याला समुद्रावर फिरवायला, मासळी आणायला घरचा माणूस लागेल, असा वेरोनाचा बेत होता. तेवढ्यावर भाऊ राहिला असता. आईबापांमागे तिला तो एकटाच होता.

"बरं बाई," तो म्हणाला. "तुझ्या लाटसाहेबासाठी हाताला कुलूप."

दोघांनी मिळून जुनं शीड बोटीवर ओढलं, वर नारळाच्या झावळ्या टाकल्या. वाळूतला भुसा वेरोनाने स्वतः झाडला.

मिस्टर प्रेसकॉड दुपारच्या फेरीबोटीने आले. सत्तरीचे, ताठ, खिशात छोटी वही. त्यांनी गादी दाबून पाहिली नाही, नळ सोडून पाहिला नाही. थेट खिडकी उघडली आणि मान कलती करून उभे राहिले.

"इथवर काय काय ऐकू येतं?"

"लाटा," वेरोना म्हणाली. "आणि पहाटे कोंबडा. त्याला मी समजावलंय, पण तो ऐकत नाही."

ते हसले. "आणखी?"

"आणखी काही नाही."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. रात्री जेवताना म्हणाले, "माझ्या घराशेजारी दिवसभर काँक्रीटची यंत्रं चालतात. डोकं उठतं नुसतं."

म्हणजे हे दुखणं आहे तर, वेरोनाने ताडलं. तरी हा माणूस तिला पुरता उमगेना. उजाडायच्या आधी ते ओसरीवरच्या लाकडी खुर्चीत येऊन बसत. शेजारी ठेवलेला कोको टी गार होऊन वर साय धरे. ते पुस्तक वाचत नसत, पोहत नसत. नुसते बसत. एकदा ती शंखाच्या मांसाचा रस्सा घेऊन आली, तर साहेबांनी खुर्ची उलटी करून तिच्या सांध्यावरून अंगठा फिरवायला घेतलेला.

"कोणी केली ही?"

भावाचं नाव तिच्या ओठांवर आलं होतं. पण मग तो काम कुठे करतो, हेही निघालं असतं.

"ग्रेनाडाहून आणली," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ते फिरून आले ते बोटाला लाकडाची एक सोलपटी गुंडाळून. झाडताना तिच्या नजरेतून सुटलेली. त्यांनी ती हुंगली.

"सीडर ना?"

"चुलीला आणतो आम्ही."

"सीडरसारखं किमती लाकूड? चुलीला?" त्यांनी सोलपटी उजेडात धरून पाहिली. "पूर्वी या बाजूला बोटी बांधत म्हणे."

"पूर्वी!" वेरोना घाईने म्हणाली. "आता कोणी नाही. तुम्ही अगदी निर्धास्त राहा. एक ठोका कानावर यायचा नाही."

त्यांनी वही मिटली.

तिसऱ्या दिवशी ऑल्विन मासळी घेऊन आला. मिस्टर प्रेसकॉडनी हात पुढे केला आणि त्याचा पंजा जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

"काय काम करता?"

ऑल्विनने बहिणीकडे पाहिलं. "मासे धरतो."

स्वयंपाकघरात आल्यावर तो कुजबुजला, "तीन दिवसांत सुताराचा कोळी केलास. आता माशांनाही तूच सांग, गळाला लागा म्हणून."

"हळू बोल!"

धक्क्यावर निरोप घेताना मिस्टर प्रेसकॉडनी टोपी काढली. "इतका शांत किनारा मी दुसरा पाहिला नाही."

"मग ठरलं म्हणायचं?"

"बेक्वे बघून कळवतो."

ऑल्विनने हातोडी पुन्हा उचललीच नाही. आठवडा गेला, दुसराही गेला. वेरोना रोज पोस्टात डोकावून येई. महिनाअखेर आली, तशी ऑल्विनने हत्यारं तेलाच्या फडक्यात गुंडाळून तिच्या पलंगाखाली सरकवली आणि तो फेरीबोटीत चढला. बोट शिडाखाली तशीच राहिली.

दोन दिवसांनी पत्र आलं. वेरोनाने ते ओसरीवर, त्याच खुर्चीत बसून फोडलं.

"वेरोनाबाई, तिन्ही बेटांत तुमची खोली सर्वांत चांगली, जेवणही. तुमच्याशी मी खरं बोललो नाही, त्याची माफी मागतो. सुट्टी हे निमित्त होतं. मला हाताने बांधलेल्या तीन बोटी हव्या होत्या, आणि काम चाललेलं असताना बांधणाऱ्याच्या शेजारी स्वस्तात राहता येईल अशी जागा. मागच्या वर्षी एका बेटावर हे उघड बोललो, तर धक्क्यावरचा प्रत्येक जण कारागीर निघाला. म्हणून यंदा ठरवलं, कोणाला सांगायचं नाही, नुसतं ऐकायचं. तुमच्या बाजूला एक फार चांगला हात आहे असं ऐकून होतो. तीन दिवस त्याच्या ठोक्याची वाट पाहिली. बेक्वेत दुसऱ्याच सकाळी ठोका ऐकू आला आणि तिन्ही बोटींचं काम तिथे दिलं. आता एकच विचारतो, तेही उगाच उत्सुकता म्हणून. तुमची ती खुर्ची कोणी केली?"