कडं उठल्यावर

ड्वाइट मेब्रीने मनाशी पक्कं केलं होतं, आज कडं ओलांडायचं. वैमानिकाचं लायसन्स गेलं तर गेलं.

समोर स्टेडियम दिसत होतं आणि आत नव्वद हजार माणसं होती. मोसमातली शेवटची फुटबॉल मॅच. मॅच चालू असताना, आणि संपल्यावरही तासभर, स्टेडियमभोवतीच्या तीन मैलांत विमान न्यायला बंदी; या बंदीच्या वर्तुळालाच वैमानिक कडं म्हणायचे. सरकारचा कायदा, तिथे वशिला चालत नाही. बॅनर ओढणारे ड्वाइटसारखे वैमानिक दर शनिवारी या कड्याच्या बाहेरून घिरट्या घालायचे आणि हायवेवर तुंबलेल्या गाड्यांना गाद्यांच्या दुकानाची जाहिरात दाखवायचे. त्यावरच घर चालत होतं.

पण विमानाच्या शेपटीला आत्ता लोंबत होतं ते व्हर्नेल हट्टो नावाच्या म्हातारीचं बॅनर होतं. पुरुषभर उंचीची लाल अक्षरं. ड्वाइटच्या थोरल्या बहिणीने, लर्लीनने, ती दुपारी धावपट्टीशेजारी बसून एकेक करून जोडली होती. ‘एल्बर्ट, पुरे झालं, घरी ये. व्हर्नेल.’

“एल्बर्ट म्हणजे तुमचे मालक का, मिस व्हर्नेल?” लर्लीनने विचारलं होतं.

“हो ना. अडतीस वर्षं झाली, मॅच म्हटली की हा तिथेच. अंधारात जातो, अंधारात येतो. छातीत दुखतं, डॉक्टर ओरडतात, पण माझं ऐकेल तर शपथ.”

“या गावातल्या पुरुषांना फुटबॉलपुढे काही सुचतच नाही,” लर्लीन म्हणाली. “आमच्याकडेही एक नमुना आहे.”

ड्वाइटने तिकडे काणाडोळा केला आणि बॅनर किती वाजता न्यायचं ते विचारलं.

“बंदी उठली की ने, बाळा,” म्हातारी म्हणाली आणि कागदी पिशवीतल्या उकडलेल्या शेंगा सोलत बसली.

 बंदी उठेपर्यंत तिथे चिटपाखरू उरणार नव्हतं. नवऱ्याने वर बघावं म्हणून बिचारीने हा एवढा घाट घातला, आणि तोवर नवरा गर्दीबरोबर कुठल्या कुठे गेलेला असणार. हे तिला तोंडावर सांगायची ड्वाइटची छाती झाली नाही. म्हणून मॅच संपत आली तेव्हाच त्याने विमान काढलं. जमिनीलगत झेप घेऊन, दोन खांबांवर ताणलेला दोर आकड्यात पकडून, तो बॅनरसकट वर चढला आणि नाक सरळ स्टेडियमकडे वळवलं.

“ड्वाइट,” वायरलेसवर लर्लीनचा आवाज आला. “कुठे निघालास तू? डोकं ठिकाणावर आहे ना?”

“एकच फेरी मारतो.”

“मार. आणि उद्यापासून माझ्याबरोबर अक्षरं जोडायला बस.”

मग खरखर झाली. म्हातारीने वायरलेस हातात घेतला असावा.

“बाळा, मागे फिर. आत्ता नेऊन काही उपयोग नाही.”

“मिस व्हर्नेल, नंतर तिथे कोणी नसेल हो.”

“ठाऊक आहे मला. तू मागे फिर.”

त्याला काही उमगलं नाही. पण त्या आवाजापुढे वाद घालायची सोय नव्हती. त्याने विमान वळवलं.

मॅच संपली. कड्याबाहेरून घिरट्या घालत तो बघत राहिला. स्टेडियमच्या दारांतून माणसं बाहेर सांडत होती. ती रस्त्यांवर पसरली, गाड्यांत शिरली, गाड्यांच्या रांगा चारी दिशांना सरकू लागल्या. एवढी माणसं, आणि इतक्या वरून एकाचाही आवाज नाही. ऊन उतरत गेलं. शेवटी मनगटावरच्या घड्याळाने परवानगी दिली, आणि ड्वाइट आत शिरला.

इतक्या वर्षांत तो या स्टेडियमच्या डोक्यावर पहिल्यांदाच आला होता. त्याने खाली बघितलं. तिरप्या उन्हात नव्वद हजार रिकाम्या खुर्च्या गोलाकार उतरत गेलेल्या, आणि तळाशी ते हिरवंगार मैदान. माणसाने बांधलेलं काही इतकं मोठं, इतकं गप्प असू शकतं, हे त्याला माहीतच नव्हतं. नकळत त्याने डोक्यावरची टोपी काढली.

मग त्याला मैदानाच्या मधोमध काहीतरी हललेलं दिसलं.

“एक माणूस आहे खाली,” तो वायरलेसवर म्हणाला. “एकटाच. गुडघ्यांवर बसलाय, बाजूला बादली आहे. उखडलेलं गवत लावतोय वाटतं.”

“तोच तो,” म्हातारी म्हणाली. “मैदानाचं गवत राखायचं काम त्याचं. वर बघतोय का?”

ड्वाइटने एक फेरी मारली. माणूस वाकलेलाच. दुसरी मारली. माणसाने बादली पुढे सरकवली आणि पुन्हा वाकला. मावळतीला आता थोडंच ऊन उरलं होतं, अक्षरं वाचता येण्यापुरतं. ड्वाइटने विमान जमेल तेवढं खाली घेतलं आणि इंजिनाचा आवाज वाढवला.

माणूस थांबला. त्याने मान वर केली. कपाळावर हात धरून तो बराच वेळ बघत राहिला. मग हातातलं खुरपं बादलीत टाकलं आणि सावकाश, टेकत टेकत, गवतावर पाठ टेकून आडवा झाला.

“बघितलं त्यांनी,” ड्वाइट म्हणाला. “मिस व्हर्नेल, ते गवतावर झोपलेत. हात डोक्याखाली घेऊन, आरामात. वर बघतायत.”

 वायरलेसवर म्हातारीने नाक ओढल्याचं ऐकू आलं.

“झोपलाय?” ती म्हणाली. “अडतीस वर्षांत त्या गवतावर मला एक पाऊल टाकू दिलं नाही मेल्याने.”