जुळत नाही

“जुळत नाही,” प्रयोगशाळेतल्या बाई म्हणाल्या. “तुमच्याही नमुन्याशी नाही आणि तुमच्या बायकोच्याही नाही. कारखान्यातून आणलेल्या देहांपैकी एकही तुमच्या मुलाचा नाही.”

शिंप्याने बायकोकडे पाहिलं. तिने डोळे मिटले, उघडले आणि ती हसली. रंगाच्या कारखान्याला आग लागल्यापासून तिच्या तोंडावर हसू असं आलंच नव्हतं. “म्हणजे आपला पोरगा यांच्यात नाहीच हो,” ती म्हणाली. “घाबरून पळाला असेल. पडला असेल कुठल्या तरी दवाखान्यात.”

“नाहीच मुळी,” शिंपी म्हणाला. त्यानेही ओठ ताणून हसू आणलं. पायाखालची जमीन मात्र केव्हाच सरकली होती.

बाईंनी समजावून सांगितलं. माणसाच्या पेशीपेशीत एक खूण असते. अर्धी आईकडून येते, अर्धी बापाकडून. आग कातडी खाते, चेहरा खाते, पण दाताच्या आणि हाडाच्या आत ती खूण पुष्कळदा तग धरून राहते. पोटच्या पोराची खूण आईबापाशी जुळल्यावाचून राहत नाही. “ही खूण खोटं बोलत नाही,” बाई म्हणाल्या. शिंप्याने मान डोलावली. खोटं कोण बोललं होतं, ते त्याला पुरतं ठाऊक होतं.

दोनदा कूस उजाड झाल्यावर बायकोला तिसऱ्यांदा दिवस राहिले होते. बाळंतपण अडलं. तिची शुद्ध हरपली आणि बाळ रडलंच नाही. पलीकडच्या खाटेवर एका बाईने मुलाला जन्म देऊन जीव सोडला होता. तिची चौकशी करायला कुत्रंही फिरकलं नव्हतं. म्हाताऱ्या नर्सने शिंप्याला कोपऱ्यात घेतलं. “एकीला मूल नाही, एकाला आई नाही,” ती म्हणाली. “तू फक्त हो म्हण, बाकीचं मी निस्तरते.” तो हो म्हणाला. आपलं बाळ त्याने आपल्या हाताने मातीत ठेवलं. उन्हं उतरताना बायको शुद्धीवर आली, तेव्हा तिच्या कुशीत पोरगा होता. पुढे नर्सही गेली आणि ती दुपार एकट्या शिंप्याच्या पोटात राहिली.

पोरगा मशीनखाली चिंध्यांत लोळून मोठा झाला. बापाच्या हाताखाली बसायला मात्र त्याने साफ नकार दिला. “दिवसभर लोकांच्या कंबरा मोजू का?” म्हणायचा. कारखान्यात रंग ढवळायला लागला. तरी शर्ट बापानेच शिवलेला हवा असायचा. त्या देहांवर कापडाचा एवढासा तुकडा उरला असता, तरी शिंप्याने आपली शिवण ओळखली असती. काहीच उरलं नव्हतं.

नमुना मागितला तेव्हाच तो दोन पावलं मागे सरला होता. पण नाही म्हणायचं तर काय सांगून? बायकोने निमूटपणे गालाच्या आतून कापूस फिरवू दिला, मग त्यानेही तोंड उघडलं.

निघताना दाराशी एक आजोबा उभे होते. नातू हरवला होता, त्याचे आईबाप आधीच वारलेले. बाई त्यांना सांगत होत्या, “त्याचा दात घासायचा ब्रश आणा, दाढीचं पातं आणा. त्यावर त्याची स्वतःचीच खूण सापडते. पण उशीर करू नका. ज्यांना कोणी विचारणार नाही, त्यांना परवा बेवारस म्हणून पुरतील.”

घरी बायकोने त्याला आग्रहाने जेवायला बसवलं. “खा दोन घास. येईल तो,” ती म्हणाली. तो नुसतं अन्न चिवडत राहिला. खरं सांगावं, तर एका दमात हिची दोन पोरं मारावी लागणार होती. गप्प बसावं, तर पोरगा बेवारस मातीत जाणार आणि ही जन्मभर दाराकडे डोळे लावून बसणार. ती निवांतपणे भांडी घासत होती. त्या निवांतपणाचीच त्याला भीती वाटली.

सकाळी तो उठला, तर बायको घरात नव्हती. दवाखाने पालथे घालायला गेली असेल, असं त्याला वाटलं. त्याने पोराचं दाढीचं पातं रुमालात गुंडाळलं. आधी पोराला ताब्यात घ्यायचं, मग बायकोपुढे बसून सगळं सांगून टाकायचं. पुढे ती आपलं तोंड बघो न बघो.

बाईंनी पातं हातात घेतलं नाही. “आता हे कशाला?” त्या म्हणाल्या. “तुमच्या बायकोने मघाशीच त्याचा ब्रश आणून दिला. मागच्या बाकावर बसल्यात त्या.”

ती भिंतीला पाठ टेकून बसली होती. त्याला बघून दचकली, मग सरकून तिने जागा करून दिली.

“काल तुम्ही हसलात,” ती म्हणाली. “म्हटलं, तुम्हाला तरी आशा राहू दे. त्याचं काय करायचं ते मी एकटीने करीन.”

शिंप्याने रुमाल मांडीवर ठेवला. “अगं, त्या दुपारी तुझी शुद्ध गेली होती, तेव्हा मी...”

“शुद्ध नंतर गेली,” ती म्हणाली. “मला मुलगी झाली होती.”