अकरावी पुंगळी

"तीनशे पुंगळ्या आहेत, केरूकाका. त्यांतल्या दहांना तडा गेलाय. निवडून दाखवा, व्हिसाच्या कागदावर आत्ता सही करतो," नागेश म्हणाला.

"आणि नाही जमलं तर?"

"तर खलास. महिनाअखेरीला परत गावी, चिपळूणला."

"एसी बंद करा," केरू म्हणाला. "आणि बाहेर जा."

बघा म्हाताऱ्याचा तोरा! नोकरी टांगणीला लागलेली, आणि हुकूम सोडतोय मॅनेजरला. दुबईजवळच्या रास अल खैमातल्या त्या नेमबाजी क्लबात केरू वीस वर्षं झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या साफ करत होता. अक्रोडाच्या टरफलांचा भुसा भरलेल्या पिंपात त्या घुसळायच्या, मग जुन्या लुंगीच्या फडक्याने एकेक पुसायची. त्याच पुंगळ्यांत पुन्हा बंदुकीची दारू भरत. तडा गेलेली एखादी सुटली, तर ती नेमबाजाच्या गालाशीच फुटायची. साठीच्या माणसावर ही जोखीम टाकायला नागेश धजत नव्हता. कॅमेऱ्याने पुंगळ्या तपासणारं एक मशीन त्याने बघूनही ठेवलं होतं.

शिवाय केरूची मिजास त्याला खुपायची. रेंजपासून लांब जेवायला बसला तरी हा कानांवरचे आवाज अडवणारे जाड मफ काढायचा नाही. नव्या नवरीने दागिने जपावे तसे कान जपायचा. त्यात अलीकडे आणखी एक खोड लागली होती. पहिला डबा पुसून झाला की दाराशी धरायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचा, "काय, चमकतंय ना पितळ?" आपलीच पाठ आपण थोपटून घ्यायची हौस, दुसरं काय! लोक हसून पुढे जायचे. नागेश मनात म्हणायचा, हातच्या कांकणाला आरसा कशाला?

आतून टिंग... टिंग... ऐकू येत राहिलं. पुंगळ्या डब्यात पडत असणार. पाऊण तासाने दार उघडलं. केरूने बाजूला काढलेल्या पुंगळ्या टेबलावर ओतल्या. नागेशने मोजल्या. अकरा भरल्या.

"चुकलात, काका. मी दहांच्या आत काळा ठिपका दिलाय. ही अकरावी चांगली आहे." त्याने ती भिंगाखाली फिरवून फिरवून पाहिली. साधा ओरखडाही नव्हता.

"कापून बघा," केरू म्हणाला.

नागेशने पुंगळी करवतीने उभी कापली. आत, अगदी बुडाशी, केसाएवढी रेघ होती. बाहेरून कॅमेऱ्यालाही ती दिसली नसती. नागेशच्या अंगावर काटा आला. ती पुंगळी त्यानेच तपासून, चांगली म्हणून ढिगात टाकली होती.

मग मात्र त्याचा ऊर भरून आला. आपल्या क्लबात असा माणूस आहे! "मानलं, काका!" त्याने व्हिसाचा कागद पुढे ठेवला. "यल्ला, चला, आधी तुमची सही, मग माझी."

केरूने पेन घेतलं आणि झोकात सही ठोकली. शेवटची शेपटीसुद्धा ऐटीत ओढली. सगळी सही कागदाच्या बाहेर, टेबलावर.

नागेश त्या सहीकडे बघत राहिला. मग त्याने म्हाताऱ्याच्या डोळ्यांकडे पाहिलं.

"डोळ्यांचे पडदे गेलेत, साहेब. दोन वर्षं झाली. माणूस दिसतो, चेहरा नाही दिसत." केरूची मान अजून ताठच होती. "पण तडा दिसायला कशाला हवा? फरशीवर टाकली की फुटकी पुंगळी बद्द वाजते. डोळे होते तेव्हा आतल्या तड्याची एखादी सुटायची माझ्या हातून. आता नाही सुटत."

 नागेशने कागद केरूच्या हाताखाली सरकवला, त्याचं बोट धरून नेमक्या जागेवर टेकवलं. केरूने सही केली. त्याखाली नागेशने आपली केली.

केरूने ढिगातली एक चांगली पुंगळी उचलली. फडक्याने पुसली, बोटांत फिरवली आणि रोजच्यासारखी समोर धरली.

"काय साहेब, चमकतंय ना पितळ?"

दोन वर्षांत या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं नव्हतं.

"चमकतंय, केरूकाका," नागेश म्हणाला. "सोन्यासारखं चमकतंय."