सावलीतली सीतेची वेणी

"यंदाही फूल नाही, बागवानसाहेब," रझियाबाई म्हणाल्या आणि त्यांनी चहाचा कप पुढे केला.

गुलजार बागवान गॅलरीत टांगलेल्या ओंडक्याकडे बघत होते. ओंडक्याला मुळांनी धरून बसलेलं सीतेच्या वेणीचं ऑर्किड हिरवंगार होतं. मे निम्मा सरला होता. एव्हाना त्यातून गुलाबी-पांढऱ्या फुलांचे वीतभर घोस लोंबायला हवे होते.

"नाजूक जात आहे, बाई. घाई करून चालत नाही."

थाप होती. चक्क थाप! लोणी काळभोरला तीस वर्षं नर्सरी चालवणाऱ्या माणसाला हे झाड फुलवता येत नाही, असं कसं होईल? त्याला माती लागत नाही. दुसऱ्या झाडाच्या अंगावर राहायचं आणि मुळं हवेत सोडायची, हा त्याचा स्वभाव. सकाळचं कोवळं ऊन द्यावं, थंडीत पाणी कमी करावं, की मेमध्ये फुलतं बिचारं. गुलजारनी बाईंना बरोब्बर उलटं सांगितलं होतं. सावलीच्या कोपऱ्यात टांगा, डिसेंबरातही रोज पाणी मारा. आणि शाळेत पंचवीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईंनी ते वहीत लिहून घेतलं होतं.

कारण सरळ होतं. फूल आलं की दर रविवारी झाड बघायला यायचं काम संपलं आणि काम संपलं की घोरपडे पेठेतला हा रविवारचा चहा संपला. गुलजारची पत्नी जाऊन सहा वर्षं झाली होती. बाईंचे यजमान त्याच्याही आधी गेले होते. गुलजारना हा चहा हवा होता. बाई हव्या होत्या म्हणा ना!

"मी ठरवलंय," बाई म्हणाल्या. "पुढच्या रविवारपर्यंत कळी दिसली नाही, तर झाड सोलापूरला बहिणीकडे पाठवून देते. तुम्हाला तरी किती हेलपाटे घालायला लावायचे?"

गुलजारनी चहा तसाच ठेवला आणि स्कूटर काढली.

घरी त्यांनी मुलीला, अलिझाला, सगळं सांगितलं. नर्सरी आता तीच बघायची. ती इतकी हसली की हातातलं खुरपं खाली पडलं.

"अब्बा, खरं सांगून टाका."

"हाकलून देतील गं."

"झाड गेल्यावर तरी कुठे बोलावणार आहेत? जा, आणि मनातलंही बोला."

रविवारी गुलजारनी इस्त्रीचा शर्ट घातला, अत्तर लावलं. स्वारगेटच्या सिग्नलला मात्र धीर सुटला. स्कूटर मागे वळवावी का, या विचारात दिवा हिरवा झालेला कळलाच नाही.

"काका," मागचा रिक्षावाला म्हणाला, "इथेच फ्लॅट बुक केलाय का?"

गुलजार पोचले. चहाला हात न लावता एका दमात बोलले.

"बाई, तुमचं झाड मीच फुलू दिलं नाही. त्याला ऊन हवं होतं. तीन वर्षं मी खोटं बोललो. फूल आलं असतं तर मला इथे यायला निमित्त उरलं नसतं. आणि मला यायचंय. खरं म्हणजे, मला रोजचाच चहा तुमच्याबरोबर घ्यायचाय. आपली हरकत नसेल तर... निकाहाचं विचारतोय मी."

बोलून झाल्यावर त्यांना घाम फुटला. बाईंचा चेहरा परीक्षेत एखाद्याची कॉपी पकडल्यासारखा कडक होता.

"वर गच्चीवर चला," एवढंच बोलून त्या उठल्या.

गुलजार गुमान मागे गेले. आज काही आपली धडगत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

गच्चीवर हिरव्या जाळीखाली अकरा ओंडके टांगलेले होते. अकराच्या अकरा ओंडक्यांवर सीतेची वेणी फुलली होती. कोवळ्या उन्हात घोसच घोस लोंबत होते.

"सगळी तुमच्याच नर्सरीतली," बाई म्हणाल्या. "तुम्ही बुधवारी मार्केट यार्डला गेलात की मी तिकडे येते. अलिझानंच शिकवलं सगळं. सोलापूरची आयडियाही तिचीच. खालचं ते एक मात्र मी मुद्दाम सावलीत ठेवलंय. ते फुललं असतं, तर रविवारी माझ्याकडे कोण येणार होतं?"