पूजेतला लॅपटॉप

"आई, पाणी नको शिंपडूस त्याच्यावर!" सुरज ओरडला. पण अंबाबाईनं फूल बुडवून शिंतोडे उडवलेच. वर हळद-कुंकूही वाहिलं.

खंडेनवमी होती. पालमजवळच्या त्या धनगराच्या घरात पाटावर कुऱ्हाड, विळा आणि मेंढरांची लोकर कातरायची कातर मांडली होती. ज्याचं पोट ज्या हत्यारावर, ते त्यानं पूजेला ठेवायचं. सुरजचं पोट लॅपटॉपवर, म्हणून तोही झेंडूची माळ घालून कातरीशेजारी बसला होता.

"आता उद्यापतुर हात लावायचा न्हाई," अंबाबाईनं बजावलं.

तेवढ्यात पुण्याहून साहेबांचा फोन आला. झालं!

सुरज तोफगोळे परदेशी विकणाऱ्या कंपनीत होता. गिऱ्हाईक कोण, माल कुठं वापरणार, हे तपासून त्यानं लॅपटॉपवर मंजुरी टाकली की जहाज हलायचं. शस्त्रांच्या व्यापारावर एक आंतरराष्ट्रीय करार आहे. साध्या माणसांवर हल्ले होणार हे ठाऊक असताना माल द्यायचा नाही, असं त्यातलं कलम सुरज नव्या पोरांना शिकवायचा. शिकवायला काय जातं! आताच्या गिऱ्हाइकानं हमी दिली होती, माल आमच्याच फौजेला म्हणून. मागच्या वेळीही दिली होती, आणि सुरजनं मंजुरी टाकली होती. ते गोळे गिऱ्हाइकाच्या शेजारच्या देशातल्या टोळीनं भरल्या बाजारावर डागले. कंपनीच्या शिक्क्याच्या पेट्या सुरजनं व्हिडिओत स्वतः पाहिल्या होत्या. तेव्हापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

"मंजुरी टाक. जहाज बंदरात उभं आहे," साहेब म्हणाले. फोन स्पीकरवर होता. घरभर ऐकू जात होतं.

"सर, तो करार..."

"आपल्या देशानं त्यावर सहीच केलेली नाही. आणि तुला जमत नसेल, तर तुझ्या खुर्चीवर बसायला पुष्कळ जण आहेत."

होतेच. बहिणीचं, चंदाचं, नर्सिंगचं शिक्षण त्याच खुर्चीवर चाललं होतं.

"लॅपटॉप पूजेत आहे सर," सुरजच्या तोंडून निघून गेलं. "आज उचलता येत नाही."

साहेब खो खो हसले. "बरं बाबा! गावची माणसं तुम्ही. उद्या सकाळी टाक."

सुरजला हायसं वाटलं. देवीच धावून आली म्हणायची! त्याच्या बापानं, भुजंगनं, खुशीत मान डोलावली. "शाना हायेस. एका दिसानं काय बिघडायलंय? उद्या कर की."

उद्या कर. म्हणजे करायचंच. सुरजचा चेहरा उतरला. त्यानं पाटाकडं पाहिलं. कुऱ्हाडीनं बाभळी तोडल्या होत्या, विळ्यानं ज्वारी कापली होती, कातरीनं लोकर. जन्मापासून तो ही हत्यारं बघत आला होता.

"सर," तो अजून चालूच असलेल्या फोनवर म्हणाला, "उद्याही नाही. मी मंजुरी देणार नाही."

"आरं!" भुजंग ताडकन उठला. चंदानं त्याचा हात धरला.

"डोकं फिरलंय का तुझं?" साहेब कडाडले. "पूजेचं निमित्त सांगतोस? लॅपटॉप काय हत्यार आहे का?"

"आहे, सर," सुरज म्हणाला. "या पाटावर माणसं मारलेलं तेवढं एकच आहे."